वरच्या पायरीवरची नर्स

हेमलता बाई चुकतात, यावर आमच्या ऑफिसात कुणाचा विश्वास नाही. सगळ्यांत कमी त्यांचा स्वतःचा. त्यामुळे गेल्या नवरात्रात त्या चक्क चुकल्या आणि ते चारचौघांत मोठ्या आवाजात म्हणाल्याही, तेव्हा मला आधी धक्का बसला, मग गंमत वाटली, आणि शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेच सांगते.

आधी बाई कोण ते सांगायला हवं. ‘बाई’ हे मी आदरानं लावत नाही, ते त्यांच्या नावातच आहे. तंजावरी मराठ्यांत बायकांच्या नावाला ते जन्मापासून चिकटलेलं असतं. तमिळ लोक त्यांना मॅडम म्हणतात, मी अक्का म्हणते. मी मूळची सांगलीची. नवरा विश्वजित ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात लागला म्हणून चेन्नईला आले आणि घरात बसून वैतागले. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला अक्का भेटल्या. मी दुपारचं काय करते असं त्यांनी विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग उद्यां ये. काम आहे.” त्यांचं ते जुनं, अनुस्वार ठसवून बोललेलं आणि शेवटी तमिळ हेल काढणारं मराठी ऐकून मला वाटलं, एखादा जुना ताम्रपटच बोलायला लागलाय. पण काम मात्र खरंच होतं.

काम करिअर समुपदेशनाचं. आता चेन्नईत ‘कौन्सेलिंग’ म्हटलं की लोकांना कॉलेजच्या सीटवाटपाची रांग आठवते. निकालाच्या दिवसांत आमचा फोन सकाळपासून वाजतो आणि पलीकडून एकच प्रश्न येतो, अमुक कॉलेजात मेकॅनिकल मिळेल का? मी चिडून फोन ठेवते. अक्का ठेवत नाहीत. “सीट मला माहीत नाहीं. पण मुलाला घेऊन या, मूल कोणतें तें बघूं,” असं म्हणतात, आणि गंमत म्हणजे निम्मे लोक येतात.

ऑफिस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथच्या कारखान्याच्या माडीवर आहे. खाली लेथ सुरू झाला की आमच्या टेबलावरची कॉफी थरथरते. चांगल्या वस्तीत जागा घ्या म्हणून मी किती डोकं फोडलं. त्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणतात, “इथें काम दिसतें. एसीच्या खोलींत बसून मुलाला काम म्हणजे काय हें कसें कळायचें?” आणि खरंच, एखादा पोरगा फार मोठमोठ्या गप्पा मारायला लागला की त्याला खिडकीशी नेऊन उभा करतात. खाली एकजण पत्रा कापतोय, एकजण टेम्पोवाल्याशी भांडतोय, एकजण बिलं लिहितोय. “ह्यांतला कोण झालास तर तुला सकाळीं उठावेसें वाटेल?” असं विचारतात. पोरं गडबडतात. आईबाप तर त्याहून.

अक्कांनी उमेदीची वर्षं सरकारी नोकरी-नोंदणी कचेरीत काढली. बसल्या बसल्या मानसशास्त्राची पदवीही काढली. त्या सांगतात की खिडकीसमोरची रांग बघून त्यांना राग यायचा. माणूस कोणता आहे हे कुणी विचारायचं नाही, शिक्षण काय तेवढं विचारायचं आणि त्या खणात त्याला टाकायचं. शेवटी स्वेच्छेनं निवृत्ती घेऊन त्यांनी हे ऑफिस काढलं. घरच्यांनी वेड्यात काढलं असणार, पण अक्कांना वेड्यात काढणारी माणसं पुढे त्यांच्याकडेच मुलं घेऊन येतात.

करिअरचे सगळे सिद्धांत अक्कांना पाठ आहेत, पण त्या ते फडताळातल्या डब्यांसारखे वापरतात. ज्या स्वयंपाकाला जे लागेल ते काढायचं. एक सिद्धांत माणसांचे सहा प्रकार करतो आणि कामांचेही तेच सहा करतो, मग जोड्या लावतो. त्याची लेखी चाचणी असते, ती तपासणं माझ्याकडे. दुसरा सांगतो की करिअर एकदा निवडून मोकळं होता येत नाही. वयाप्रमाणे शोधायचे, जम बसवायचे, टिकवायचे दिवस येतात, आणि शोधायच्या दिवसांत माणसानं शोधलंच पाहिजे. पण अक्कांचा जीव तिसऱ्यात आहे. तो म्हणतो, मूल मोठं होतं तसं कामांवर काट मारत जातं. आधी ‘हे मुलींचं’, ‘हे मुलांचं’ म्हणून मारतं. मग ‘हे आपल्यासारख्यांचं नाही’ म्हणून. मग ‘हे मला जमणार नाही’ म्हणून. शेवटी जे उरतं त्यातून निवडतं आणि वर सांगतं की मला हेच आवडतं.

“तेव्हां निवडलेलें विचारूं नये,” अक्का म्हणतात, “खोडलेलें विचारावें.”

ते विचारायला त्यांनी जे साधन केलंय ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते आहे कोलूच्या बाहुल्यांचं. नवरात्रात इथल्या घरांत लाकडी पायऱ्या मांडून त्यावर मातीच्या बाहुल्या ओळीनं बसवतात, तो कोलू. तंजावरी मराठ्यांनीही तो कधीच आपला केला. त्यात देवादिकांबरोबर वाणी, न्हावी, पोस्टमन, डॉक्टर, पोलीस अशी सगळी माणसं असतात. अक्कांनी अशा कामकऱ्यांच्या बाहुल्यांची एक टोपली जमवलीय आणि एक छोटी पायऱ्यांची घडवंची केलीय. येणाऱ्यापुढे टोपली ठेवतात आणि म्हणतात, “तुझा कोलू मांड.” ज्या टोपलीत राहतील, त्या एकेक काढून विचारतात, हिला का नाही बसवलंस? ही तुझ्या मनातून कधी गेली? त्यावर लोक काय काय बोलतात! बँकेतला एक मोठा साहेब शिंप्याची बाहुली हातात घेऊन रडला होता.

तर, अनिकेत.

अनिकेत आमच्याकडे आला तो श्रावणात. बावीस वर्षांचा, उंच, जाड चष्म्याचा, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समध्ये वाढलेला. त्याचे वडील माधवराव तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात रंगकाम विभागात होते, सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. अनिकेत इंजिनिअर झाला होता आणि कॉलेजातूनच एका सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली होती. रुजू व्हायचं होतं दसऱ्यानंतरच्या सोमवारी. मराठी बोलायचा, पण अडखळत. तमिळ मात्र पाण्यासारखं.

“नोकरी आहे, मग आलास कशाला?” अक्कांनी विचारलं.

“अ‍ॅक्चुली, जायचं का नाही ते कळत नाही, मॅडम.”

लेखी चाचणीत त्याचे ‘माणसांची सेवा’ या सदरातले गुण सगळ्यांत जास्त निघाले. मी ते अक्कांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. त्याची आई कुमुदिनीबाई, तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पक्षाघाताचा झटका येऊन उजव्या अंगानं पडली होती, वाचाही गेली होती. “घरांत आजारपण असलें कीं हा आंकडा चढतो,” अक्का म्हणाल्या, “वर्षभरांत उतरतो.” मग त्यांनी टोपली पुढे केली. अनिकेतनं बराच वेळ लावून कोलू मांडला. मधल्या पायरीवर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस, आसपास मास्तर, पोस्टमन वगैरे. सगळ्यांत वरच्या पायरीवर एकटी नर्स. पांढऱ्या साडीतली, डोक्यावर टोपी, हातात ट्रे.

अक्कांचा चेहरा मऊ झाला. “ज्यांनीं तुझ्या आईला सांभाळलें त्यांना तूं वर बसवलेंस,” त्या म्हणाल्या. “चांगलें केलेंस. तें ऋण आहे, कण्णा. ऋण आणि काम एक नव्हे. तुझें काम मधल्या पायरीवर आहे. नोकरीला जा.”

अनिकेतनं “थँक्यू, मॅडम” म्हटलं, बाहुल्या नीट टोपलीत परत ठेवल्या आणि गेला. नर्सची बाहुली त्यानं शेवटी ठेवली, हे मला दिसलं होतं. पण अक्का इतक्या खात्रीनं बोलल्या होत्या की मला त्यात काही वाटलं नाही.

नवरात्र आलं. अक्कांच्या रॉयपेट्ट्याच्या घरी पायऱ्या लावायला दरवर्षी त्यांची शेजारीण कामाक्षी येते. या वेळी तिचा पाय मुरगळला म्हणून मी गेले. मी पहिल्यांदाच कोलू मांडत होते. खोक्यातून एक एक बाहुली भुसा झटकून काढायची आणि बसवायची. एक वीणा वाजवणारी मुलगी निघाली, इतकी गोड की मी उचलून थेट वरच्या पायरीवर ठेवली.

“ऐयो! तिथें काय ठेवतेस?” अक्का ओरडल्या.

“अहो, मला आवडली.”

“आवडली म्हणून वर? वर देव. त्यांच्या खालीं संत. मग माणसें, दुकान, लग्न. आवडती खालीं ठेव, हाताशीं. वर ठेवायचें तें नमस्काराला.”

“आमच्याकडे नसतं हो असलं काही,” मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं. “आमच्याकडे घट बसतो. पायऱ्या म्हटल्या की आम्हांला एकच कळतं, बक्षीस समारंभ. वरची पायरी म्हणजे पहिला नंबर!”

अक्का हातात विष्णू घेऊन उभ्या होत्या. तशाच राहिल्या. मला वाटलं, पाठीत उसण भरली.

“नीलम,” त्या म्हणाल्या, “तो आवडीहून आलेला मुलगा. त्यांच्या घरीं कोलू असतो?”

“अनिकेतच्या? छे! माधवराव साताऱ्याकडचे. मित्रांच्या घरी गेला असेल प्रसादाचं सुंडल खायला. पायऱ्या कोण बघतंय?”

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. अक्कांकडे येणाऱ्यांत बहुतेक इथलेच. कोलू त्यांच्या हातांत मुरलेला. ते वर ठेवतात ते पूजेचं, स्वतःच्या पोहोचेबाहेरचं. अक्का वर्षानुवर्षं तसंच वाचत आल्या आणि बरोबर वाचत आल्या. अनिकेत त्यांच्याशी मराठीत बोलला. तेवढ्यावरून त्यांनी त्याला आपल्यातला, तंजावरी धरला. आणि त्या पोरानं बापडी नर्स वर ठेवली होती ती पहिला नंबर म्हणून.

अक्का खाली बसल्या.  मी घाबरून पाणी आणलं. त्यांनी पाणी बाजूला सारलं, विष्णू जागेवर बसवला आणि फोन उचलला. “अनिकेत? उद्यां ऑफिसांत ये. नाहीं, तुझें कांहीं चुकलें नाहीं. माझें चुकलें आहे, आणि तें दसऱ्याआधीं नीट व्हायला हवें.”

दुसऱ्या दिवशी अनिकेत आला तेव्हा घडवंची कुठेच नव्हती. अक्कांनी जमिनीवर चटई अंथरून सगळ्या बाहुल्या तिच्यावर विखरून ठेवल्या होत्या. खाली लेथ चालू होता आणि त्या मातीच्या माणसांची किणकिण चालली होती.

“इथें वर नाहीं, खालीं नाहीं,” अक्का म्हणाल्या. “ह्यांतली उद्यां सकाळीं तूं कोण होशील, ती उचल.”

अनिकेतनं क्षणाचाही वेळ न घेता नर्स उचलली.

“मग त्या दिवशींच कां नाहीं बोललास?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत, मॅडम. मला वाटलं, माझंच चुकलं असणार.”

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. अक्कांचा, खात्रीबद्दल. आणि त्याचा, एवढा उंच होऊन तोंड न उघडल्याबद्दल. पण अक्का खट्टू वगैरे झाल्या नाहीत. “सेरि, बरें,” म्हणाल्या. “मी चुकलें. आतां मी सांगत नाहीं, ऐकतें. ही तूं कधीं खोडलीस?”

तो सांगायला लागला. लहानपणी क्वार्टर्समध्ये डॉक्टर-डॉक्टर खेळताना हा कायम पट्ट्या बांधायचा. माधवराव बघून हसले होते, ‘नर्स काय होतोस रे, डॉक्टर हो’ म्हणाले होते. बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून खेळात त्यानं पट्टी धरली नाही. पुढे डॉक्टर होण्याइतके मार्क पडले नाहीत. मग इंजिनिअरिंग. मग आई पडली. हॉस्पिटलात सुब्बा नावाचा ब्रदर होता, म्हणजे पुरुष नर्स. त्यानं याला शिकवलं, आईला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, घास कसा द्यायचा. अनिकेत म्हणाला, “मॅडम, मला तिथे पहिल्यांदा कळलं की पुरुष पण हे करतो. आणि सुब्बा ब्रदरला बघून कुणी हसत नव्हतं. सगळे त्याची वाट बघायचे.”

त्यानं चौकशीसुद्धा केली होती. बारावीला जीवशास्त्र होतंच. एका खाजगी कॉलेजात नर्सिंगची जागा मिळत होती. प्रवेशाची मुदत दसऱ्यानंतर संपणार होती आणि त्याच सोमवारी सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं.

“म्हणजे ठरलें आहे तुझें.”

“माझं ठरलंय. बाबांना सांगता येत नाही. सगळ्या मंडळात त्यांनी पेढे वाटलेत. त्यांच्या तोंडावर ‘नर्स’ हा शब्द मला काढता येत नाही, मॅडम. त्यापेक्षा मी कंपनीत जातो.”

“मी सांगणार नाहीं,” अक्का म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या लगेच फोन उचलतील. “मी सांगितलें तर तें माझें होईल. एकदां झालें तेवढें पुरे. सांगायचें तूं. मी जागा देतें. शुक्रवारीं आईबाबांना घेऊन कोलूला ये.”

शुक्रवारी संध्याकाळी ते आले. माधवराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ताठ. कुमुदिनीबाई अनिकेतच्या खांद्याचा आधार घेऊन, पाय ओढत, पण गजरा माळून. त्यांना बोलता येत नव्हतं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. मुलाला हाक मारायची झाली तरी नुसतं “अ... अ...” व्हायचं. मी पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली आणि हळदीकुंकू लावलं.

आता कोलूचा एक रिवाज आहे, आणि तो आमच्यासारख्यांना फार घाम फोडतो. येणाऱ्या प्रत्येक बाईला कोलूपुढे गायला लावतात. येत नाही म्हणून चालत नाही. मी दरवर्षी खोकल्याचं निमित्त सांगते. पाय बरा झालेली कामाक्षी त्या दिवशी यजमानीणच झाली होती. तिला या घरची काहीच माहिती नव्हती. ती कुमुदिनीबाईंकडे वळून प्रेमानं म्हणाली, “मामी, ओरु पाट्टु पाडुंगो!” एक गाणं म्हणा, म्हणून.

माधवरावांचा चेहरा दगडासारखा झाला. “तिला बोलता येत नाही,” ते म्हणाले. कामाक्षीनं जीभ चावली. मी कुठेतरी सुंडलच्या, म्हणजे प्रसादाच्या उसळीच्या, वाट्या मोजल्यासारखं करत होते. अक्का मात्र अनिकेतकडे बघत होत्या.

अनिकेत उठला आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. तिचा धड हात हातात घेतला. तिच्या तळव्यावर बोटांनी ताल धरला, हलका, सावकाश, आणि नुसत्या नाकातून सूर काढला. कुमुदिनीबाईंनी डोळे मिटले. आधी ओठ हलले. मग आवाज आला, खरखरीत, पण सुरात. आणि मग शब्द. अख्खे शब्द, एकामागून एक. पाळणा होता तो. आपल्याकडे बारशाला घरच्या बायका बाळाचं नाव गुंफून करतात तसला, घरगुती. शेवटच्या ओळीत नाव होतं. जी बाई दोन वर्षं “अ... अ...” करत होती तिच्या तोंडून “अनिकेत” असं नाव स्वच्छ, पूर्ण बाहेर पडलं.

मी रडत होते हे मला वाटी ओली झाल्यावर कळलं.

“हे... हे कधी?” माधवरावांनी विचारलं.

“तुम्ही दुपारी मंडळात जाता तेव्हा,” अनिकेत म्हणाला. त्यानं आईचा हात सोडला नव्हता. “बोलायची वाट बंद झाली तरी कधी कधी गाण्याची उघडी असते, बाबा. सुब्बा ब्रदरनं सांगितलं होतं. थेरपिस्टना विचारून रोज थोडं थोडं केलं. पूर्ण आलं की तुम्हांला ऐकवायचं ठरलं होतं आमचं.” मग एक श्वास घेऊन तो म्हणाला, “बाबा, मला हेच काम करायचंय. नर्सिंग शिकायचंय. कंपनीत नाही जायचं.”

सगळ्यांच्या नजरा माधवरावांकडे गेल्या. 

“नर्सिंग,” माधवराव म्हणाले. त्यांनी कोलूतल्या नर्सकडे बोट केलं. ऑफिसातली ती बाहुली अक्कांनी मुद्दाम आणून माणसांच्या पायरीवर बसवली होती. “ते? साडी नेसून? इंजिनिअरिंग केलंस ते कशाला मग?” आणि एकदम अक्कांकडे वळले. “तुम्हीच तर नोकरी घे म्हणून सांगितलं होतंत, बाई. पोरानं मला येऊन सांगितलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला!”

“सांगितलें होतें,” अक्का म्हणाल्या. “चुकलें.”

असं म्हणाल्या की जणू वेळ विचारल्यावर वेळ सांगितली. मान खाली नाही, आवाज खाली नाही. “तुमच्या मुलानें बरोबर मांडलें होतें, मीं उलटें वाचलें. बावीस हें शोधायचें वय आहे, माधवराव. इंजिनिअरिंग वाया गेलें नाहीं, तें शोधण्यांतच गेलें. ह्या वयांत कपडा अंगाला लावून बघतात, तसें काम लावून बघायचें असतें. हा कपडा त्यानें दोन वर्षें घातला आहे. बसतो कीं नाहीं, तें आतां तुम्हीं ऐकलेंत. माझ्या कुठल्या चाचणीला तें इतकें स्वच्छ कळलें नसतें.”

माधवराव अक्कांकडे बघतच राहिले. मला वाटतं, साऱ्या नोकरीत त्यांनी एकाही साहेबाच्या तोंडून ‘चुकलं’ ऐकलं नसावं. ते उठून कोलूपुढे जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, कारखान्यात रंग तपासायला उभे राहत असतील तसे.  अनिकेतचं लक्ष त्यांच्या पाठीवर. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हे ताडकन निघून जाणार, आणि सोमवारी हे पोर गळ्यात पट्टा अडकवून कंपनीच्या बसमध्ये चढणार.

“ह्याच्यात पुरुषाची नाही का?” माधवराव वळून जवळजवळ खेकसलेच.

“कसली?” अक्का म्हणाल्या.

“नर्सची हो! सगळ्या बायकाच काय करून ठेवल्यात? तो सुब्बा काय साडी नेसून येत होता?”

“साचा नाहीं म्हणतो कोसापेट्टचा कुंभार. कुणी मागतच नाहीं.”

“मागत नाही म्हणजे काय?” माधवराव आणखीच चिडले. आता राग कुंभारावर होता. पायऱ्यांच्या खाली जमिनीवर वाळू पसरून क्रिकेटचा सामना मांडला होता. इथे हा बाहुल्यांचा सेट घरोघर असतो. ते वाकले. पांढरा कोट आणि काळी पॅन्ट घातलेला, एक बोट वर करून कुणाला तरी आऊट देणारा अंपायर त्यांनी दोन बोटांत उचलला, उलटासुलटा करून बघितला. “हा नेऊ का?”

कामाक्षी “ऐयय्यो!” म्हणाली. नवरात्र उठेपर्यंत कोलूतली बाहुली हलवत नाहीत.

“पायरीवरची हलवायची नाहीं,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “तो जमिनीवरचा आहे. न्या.”

माधवरावांनी अंपायर रुमालात गुंडाळला, शर्टाच्या खिशात घातला आणि बायकोला आधार देऊन जिना उतरले. अनिकेत मागे वळून अक्कांकडे बघत होता. अक्कांनी त्याला ‘जा’ म्हणून खूण केली. ती माणसं गेल्यावर मी विचारलं, “अक्का, याचा अर्थ काय घ्यायचा?” त्या म्हणाल्या, “ह्या वेळीं मी कांहीं वाचणार नाहीं. थांबेन.” आणि सुंडलच्या वाट्या गोळा करायला लागल्या.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या दिवशी गिंडीत एकही लेथ चालत नाही. यंत्रांना झेंडू आणि कुंकू लावून लोक घरी जातात. रॉयपेट्ट्याला कोलूपुढे अक्कांनी आपली आयुधं मांडली होती, म्हणजे चाचण्यांचे कागद, पेन आणि ती बाहुल्यांची टोपली. सकाळीच माधवराव आवडीहून आले. एकटे. हातात रंगाचे बारीक ब्रश होते, ते त्यांनी न विचारता त्या कागदांशेजारी ठेवले, आणि खिशातून रुमाल काढून सोडला.

कोट पांढराच ठेवला होता, पण खिशावर थर्मामीटर रंगवला होता. काळी पॅन्ट पांढरी झाली होती. हॅट नीट घासून काढून तिथे काळेभोर केस आले होते. आऊट देणाऱ्या बोटाला तारेनं इवलीशी सलाईनची बाटली टांगली होती. आणि चेहऱ्यावर, केसाएवढ्या ब्रशनं काढलेला, जाड काड्यांचा चष्मा.

अक्कांनी बाहुली तळहातावर घेतली.  मग डोळे बारीक करून म्हणाल्या, “कुठें ठेवूं, माधवराव? वर?”

“वर नको,” माधवराव घाईनं म्हणाले. “आमचं कार्टं काही देव नाही. खाली ठेवा, माणसांत.”

आणि अक्कांच्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच तो ठेवला, लग्नाच्या वऱ्हाडातल्या एका बसलेल्या म्हातारीशेजारी. जरा मागे होऊन बघितलं. मग पुढे वाकून त्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.